तेलाचा पंप नंतर नाही, सगळ्यात आधी

टर्बोचार्जर (गाडीच्या धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा दाबणारं यंत्र) वापरून घरी छोटं जेट इंजिन कसं बनवायचं, यावरच्या तुमच्या लेखातलं 'पहिल्या दोन-तीन मिनिटांच्या चाचणीला तेलाचा पंप नसला तरी चालतं' हे वाक्य कृपया काढून टाका. बहुतेक टर्बोचार्जरच्या बेअरिंगमध्ये छर्रे नसतातच. शाफ्ट तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. गाडीत ते तेल इंजिनाचा पंप दाबाने पाठवतो, या घरगुती जेट इंजिनात ती सोय आपल्यालाच करावी लागते. छोटा टर्बो मिनिटाला १ लाखाहून जास्त फेरे घेऊ शकतो. त्या वेगात तेल नसेल तर बेअरिंग जायला काही सेकंद पुरतात. माझा पहिला टर्बो असाच गेला: शाफ्ट डगमगला, कॉम्प्रेसरची पाती आवरणाला घासली आणि सगळं जागच्या जागी अडकलं.

इंजिन बंद कसं करायचं याबद्दल तर लेखात एक ओळही नाही. जळणाचा गॅस बंद केला की टर्बाइनकडची, म्हणजे गरम वायूने फिरणाऱ्या चाकाकडची, उष्णता शाफ्टमधून बेअरिंगकडे सरकते आणि तिथे थांबलेलं तेल जळून त्याचा कोळसा होतो. म्हणून आता ज्वाला विझल्यावरही मी ब्लोअरची (बाहेरून हवा फुंकणाऱ्या पंख्याची) हवा आणि तेलाचा पंप दोन्ही चालू ठेवतो, सगळं नीट गार होईपर्यंत. आणि हो, चाचणीच्या वेळी टर्बोच्या चाकाच्या बाजूला, ते ज्या पातळीत फिरतं त्या रेषेत कधीच उभे राहू नका. पातं तुटलं तर ते तिकडेच उडतं.