पाच फूट नऊ इंच आणि डिव्हिजन वनचं स्वप्न

'हार्ट ओव्हर हाइट' (उंचीपेक्षा जिद्द मोठी) छापलेले टी-शर्ट अमेरिकेत शाळकरी पोरांच्या टूर्नामेंटला हमखास दिसतात, आणि ते घालणारा बहुधा संघातला सगळ्यात बुटका असतो. मला ते वाक्य अजिबात आवडत नाही. जिद्द काय, सहा फूट आठ इंचवाल्याकडेही असते! बुटका पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू पुढे आणून खेळ रचणारा खेळाडू, कॉलेज बास्केटबॉलमध्ये, अगदी डिव्हिजन वन या सगळ्यात वरच्या पातळीवरही चालतो, चांगला दणकून चालतो, पण त्याची कारणं वेगळी आहेत.

मार्कीस नोवेल आठवतोय का? उंची 5 फूट 8 इंच, पोरगा न्यूयॉर्कच्या हार्लेमचा. 23 मार्च 2023 ला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये, म्हणजे स्वतःच्याच गावात, कॅन्सस स्टेटकडून खेळताना त्याने मिशिगन स्टेटविरुद्ध 20 गुण आणि 19 असिस्ट (ज्यावर सहकाऱ्याने लगेच बास्केट केली असे पास) काढले. एनसीएए स्पर्धेत, म्हणजे कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेत, एका सामन्यात इतके असिस्ट कुणीच दिले नव्हते. आधीचा 18 चा विक्रम 1987 चा. मधेच घोटा दुखावला, लंगडत बाहेर गेला आणि परत आला. ओव्हरटाइममध्ये 92-92 अशी बरोबरी, मिनिटभराचा खेळ उरलेला. हा पठ्ठ्या कोच जेरोम टँगशी वाद घालत असल्यासारखा उभा. समोरच्यांचं लक्ष जरा ढळलं आणि याने चेंडू थेट रिंगकडे भिरकावला. त्याचा सहकारी कीऑन्टे जॉन्सनने तो हवेतच पकडून उलटा डंक केला, म्हणजे रिंगला पाठ करून चेंडू वरून आत कोंबला. मी सोफ्यावरून उठून ओरडलो, बायको धावत बाहेर आली.

पण हाच नोवेल हायस्कूलनंतर लिटल रॉक या कमी नावाजलेल्या कॉलेजात गेला होता. तिथे तीन वर्षं भरपूर खेळला आणि मग कॅन्सस स्टेटला आला. माझा सगळा मुद्दा इथेच आहे.

कोच लोक उंचीचा दुस्वास करतात म्हणून बुटक्यांना टाळत नाहीत. आजकाल बचावात सगळेच स्विच करतात, म्हणजे आपापला प्रतिस्पर्धी अदलाबदल करून घेतात. एक स्क्रीन लागली, म्हणजे समोरच्या संघातला कुणी बचावपटूची वाट अडवून उभा राहिला, की तुमचा छोटा गार्ड सहा फूट दहा इंचाच्या गड्यासमोर सापडतो, आणि समोरचा संघ मुद्दाम हेरून पुन्हा पुन्हा तेच करतो. त्यात 2021 पासून पहिल्यांदा कॉलेज बदलल्यावर (ट्रान्सफर) वर्षभर बसून राहावं लागत नाही. मग कोच सतरा वर्षांच्या पोराबद्दलच्या अंदाजावर स्कॉलरशिप का घालवेल? बावीस वर्षांचा तयार गार्ड पोर्टलमध्ये, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीत, मिळतोच की. याचा फटका बुटक्या पोरांना सगळ्यात आधी बसतो. मात्र तोच पोर्टल नंतर त्यांना वरही आणतो, खालच्या पातळीवर खेळायला मिळालं तर! मोठ्या नावाच्या कॉलेजात बाकावर बसून काही होत नाही.

दुसरी गोष्ट बचावाची. टेनेसीचा झकाय झीग्लर 5 फूट 9 इंचांचा. 2021 च्या उन्हाळ्यात, कॉलेज सुरू व्हायला आलं तेव्हा कुठे त्याचं तिथे जमलं. पुढे एसईसीचा, म्हणजे टेनेसी ज्या कॉलेज-गटात खेळतं त्याचा, सर्वोत्तम बचावपटू ठरला. चेंडू घेऊन येणाऱ्याला तो पूर्ण कोर्टभर छळायचा, स्क्रीन लागण्याआधीच त्याची लय बिघडवायचा. पोरांनी स्टेप-बॅक थ्रीचे (मागे सरकून मारलेल्या तीन गुणांच्या फटक्यांचे) व्हिडिओ बघण्यापेक्षा हे बघावं.

इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या, आपल्या मराठी घरांत सहा फुटी माणूस विरळाच, त्यामुळे पोरगं पॉइंट गार्डच होणार. आईबाप मात्र शोकेस कॅम्पांवर (कॉलेज कोचना खेळ दाखवण्याच्या शिबिरांवर) पैसे ओततात आणि डिव्हिजन वनखाली बोलायला तयार नसतात. डिव्हिजन थ्री या खालच्या पातळीवर खेळाची स्कॉलरशिप नसते हे खरं, पण मार्क चांगले असतील तर शिक्षणाची मदत मिळू शकते, आणि पोराला खेळायलाही मिळतं. कोचला ईमेल करताना हायलाइट्सबरोबर एक अख्खा सामना पाठवा, शक्यतो ज्यात पोराला मोठ्या गार्डने त्रास दिलाय असा. त्यावर त्याने काय उपाय काढला ते कोचला बघायचं असतं.

आणि 5 फूट 9 चे 5 फूट 11 लिहू नका हो! पहिल्याच भेटीत कोच शेजारी उभा राहतो.