वजा तीस कुठून आलं?

परवा रात्री लेकीची वही बघत होतो. दहावी, भिंगांचा धडा. बहिर्वक्र भिंगाचं नाभीय अंतर (खूप दूरच्या वस्तूची प्रतिमा भिंगापासून जितक्या अंतरावर पडते ते) २० सेंमी, वस्तू ३० सेंमीवर, तर प्रतिमा कुठे मिळेल? दिलेलं, सूत्र, किमती, उत्तर ६० सेंमी. सगळं मोबाईलवरून उतरवलेलं. अक्षर सुंदर, उत्तरही बरोबर. सूत्रात वस्तूच्या अंतराला यू (u) म्हणतात. सहज विचारलं, "यूची किंमत वजा तीस का गं?"

"बाबा, तिथे तसंच होतं."

ते वाक्य रात्रभर डोक्यातून जाईना. उदाहरण पायरीपायरीने सोडव म्हणून आपणच मुलांच्या मागे लागतो, आणि पायऱ्या आयत्या मिळाल्या की वही तपासून मोकळे होतो. वजा तीस का, हे त्या आयत्या उत्तरात लिहिलंच नव्हतं. खरं तर सगळं उदाहरण त्या एका वजाबाकीच्या चिन्हात आहे.

दुसऱ्या दिवशी तिला म्हटलं, वजा न घेता कर बघू. सूत्र असं: १/v वजा १/u बरोबर १/f, v म्हणजे प्रतिमेचं अंतर, f म्हणजे नाभीय अंतर. u नुसता तीस घेतला की १/v येतो १/२० अधिक १/३०, म्हणजे १/१२. उत्तर १२ सेंमी. मग खरं कोणतं, १२ की ६०?

माझ्या वडिलांचं पोथी वाचायचं भिंग कपाटातून काढलं. रस्त्यावरच्या दिव्याची प्रतिमा भिंतीवर पाडून नाभीय अंतर मोजलं, विसाच्या आसपास भरलं. मग खोलीतला दिवा घालवला आणि मेणबत्ती भिंगापासून ३० सेंमीवर ठेवली. पलीकडे १२ वर कागद धरला तर नुसता उजेडाचा गोळा. ती कागद हळूहळू मागे नेत गेली, आणि साठीच्या जवळपास ज्योत उमटली. उलटी, जवळजवळ दुप्पट मोठी. ती ओरडलीच!

मग वहीत तिने स्वतः एक ओळ घातली: "अंतरं भिंगाच्या मध्यापासून मोजायची, वस्तू डावीकडे, म्हणून वजा." कार्टेशियन चिन्ह संकेत म्हणतात तो हाच.

पालकांनो, शिक्षकांनो, कळकळीने सांगतो, रोज दहा उदाहरणं नकोत. दोनच द्या, पण प्रत्येक ओळीपुढे "हे कशावरून?" तिच्या-त्याच्या शब्दांत लिहून घ्या. वेळ लागतो. आम्हाला एका उदाहरणाला पाऊण तास लागला.

काल वस्तू १० सेंमीवर असलेलं उदाहरण होतं. उत्तर आलं वजा २०. थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "बाबा, ही कागदावर पडणारच नाही. वस्तूच्याच बाजूला आहे." आणि भिंग उचलून पुस्तकातल्या बारीक अक्षरांवर धरलं. "आजोबांना पोथी अशीच दिसायची ना?"