लाँच सकाळची, कळा रात्रीच्या

घरच्या बाळंतपणांवरच्या एका लेखात घरी बाळंत होणाऱ्या बायकांना सरसकट अडाणी ठरवलंय, म्हणून लिहितेय. माझं माहेर सातारा जिल्ह्यातल्या कांदाटी खोऱ्यातलं, तापोळ्याच्या पलीकडे. दवाखाना गाठायचा तर आधी लाँचनं शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचा जलाशय, ओलांडायचा, मग घाट. ऐन पावसात वहिनीला रात्री दोनला कळा सुरू झाल्या. लाँच सकाळची! सुईण आजीनं कोरं ब्लेड आणि दोरा उकळून घेतला, रात्रभर तिची कंबर चोळली. बाळ सुखरूप झालं, पण वार (प्लॅसेंटा) पडेना तेव्हा आजीचाही चेहरा उतरला होता. तो तासभर मी विसरणार नाही.

दुसऱ्या खेपेला नववा लागताच तिला साताऱ्यात माझ्याकडे आणलं. सरकारी दवाखान्यात पैसा लागला नाही (२०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सिझेरियनही मोफत आहे), पण कळा देताना ओरडली म्हणून एका नर्सनं जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. आत आमच्यापैकी कुणाला सोडलंही नाही.

आता तिसऱ्यांदा दिवस गेलेत. कुठं करायचं विचारलं तर म्हणाली, "दवाखान्यातच. पण वन्सं, तुम्ही आत थांबायचं, भांडून का होईना."