मारिअसला तिसरं नाव नव्हतं, पण त्याचं कारण गरिबी नाही

नमस्कार.

गायस मारिअस या रोमन सेनापतीवरच्या माझ्या लेखावर तुम्ही एवढी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, म्हणून उत्तरही दोन ओळींत न उरकता नीट देतो. इतर वाचकांसाठी तुमचे आक्षेप आधी थोडक्यात सांगतो. पहिला: रोमन माणसाची तीन नावं म्हणजे आपल्यासारखंच स्वतःचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव, मग 'मारिअस' हे त्याच्या वडिलांचं नाव असणार, आणि मी लेखभर त्याला बापाच्या नावाने हाक मारली. दुसरा: बड्या घरच्यांना तीन नावं, साध्या माणसांना दोन; मारिअस शेतकऱ्याचा पोरगा, म्हणून त्याला तिसरं नाव नाही, आणि म्हणूनच उत्तर आफ्रिकेतल्या नुमिडियाचा राजा जुगुर्था याचा पाडाव त्याने करूनही 'नुमिडिकस' हा किताब त्याच्या आधीचा सेनापती मेटेलस याला गेला. हे मी सांगायचं टाळलं, असं तुम्ही म्हणता. तिसरा: नावांचा कीस पाडण्यापेक्षा लढायांवर लिहायला हवं होतं.

पहिला आक्षेप लवकर निकाली निघतो. रोमन नावात घराण्याचं नाव मधे यायचं, शेवटी नाही. 'मारिअस' हे घराण्याचं नाव, 'गायस' हे त्याचं स्वतःचं. वडिलांचा उल्लेख या तिन्हींपेक्षा वेगळा, घराण्याच्या नावानंतर व्हायचा: 'गायस मारिअस, गायसचा मुलगा'. आरेत्सो इथे सापडलेल्या शिलालेखात त्याचं नाव नेमकं असंच कोरलेलं आहे आणि पुढे पदांची यादी आहे, सात वेळा कॉन्सुल (रोमचं सर्वोच्च, वर्षभराचं पद), मग प्रीटर, ट्रिब्यून ही त्याखालची पदं वगैरे. त्याच्या वडिलांचं नाव गायस, त्याचं गायस, मुलाचंही गायस. रोमनांकडे पुरुषांसाठी रोजच्या वापरातली पहिली नावं दीडएक डझनच होती आणि ती घरातल्या घरात फिरत राहायची. म्हणून मी त्याला 'मारिअस' म्हणतो. नुसत्या 'गायस'वरून रोमच्या भर चौकात निम्मे लोक मागे वळून बघतील.

आता दुसरा आक्षेप. हा मला महत्त्वाचा वाटतो, कारण हे मत बऱ्याच जणांचं असतं आणि ऐकायला पटण्यासारखं आहे. तरीही ते टिकत नाही, आणि ते का टिकत नाही हे दाखवायला मारिअसच्या गावाबाहेर जायचीही गरज नाही.

मारिअस आर्पिनमचा, नेमकं सांगायचं तर त्या परिसरातल्या केरेआटे या खेड्यातला. त्याच आर्पिनममध्ये इ. स. पू. १०६ मध्ये प्रसिद्ध वक्ता सिसेरो जन्मला. दोघांची घराणी एकाच नगरीतली, दोघांच्याही घरात आधी कुणी कॉन्सुल झालेला नाही, दोघांनाही रोमचे सरदार 'नवा माणूस' म्हणूनच ओळखायचे. दोन्ही घरांत सोयरीकही होती: मारिअसची बहीण ग्राटिडियस घराण्यात दिलेली आणि सिसेरोची आजी त्याच घराण्यातली. आता सिसेरोचं पूर्ण नाव पाहा: मार्कस तुल्लियस सिसेरो. तिसरं नाव आहे, आणि ते वडिलोपार्जित आहे. तुमचा नियम खरा असता तर एकाच गावच्या, एकाच दर्जाच्या दोन घरांत हा फरक पडलाच नसता.

त्या तिसऱ्या नावाचा डामडौलही बघण्यासारखा आहे. सिसेरो म्हणजे हरभरा. ग्रीक चरित्रकार प्लुटार्क सांगतो की सिसेरो राजकारणात उतरला तेव्हा मित्रांनी हे नाव टाकायचा सल्ला दिला होता. त्यावर तो म्हणाला, हे नाव मी स्काउरस आणि काटुलस या बड्या सरदारांच्या नावांपेक्षा मोठं करून दाखवीन. पुढे सिसिलीत क्वेस्टर (खजिन्याचा अधिकारी) असताना त्याने देवाला चांदीचं भांडं वाहिलं. त्यावर 'मार्कस' आणि 'तुल्लियस' ही दोन नावं अक्षरांत कोरून घेतली आणि तिसऱ्या नावाच्या जागी कारागिराला हरभऱ्याचा दाणा काढायला सांगितला. तिसरं नाव हा मुळात खानदानीपणाचा शिक्का असता, तर ते टाकून दे असं कुणी सुचवलंच नसतं.

उलट बाजूनेही तपासून बघा. मार्क अँटनी, म्हणजे मार्कस अँटोनियस. त्याचे आजोबा इ. स. पू. ९९ चे कॉन्सुल, नामांकित वक्ते, तेही नुसतेच मार्कस अँटोनियस. या घराला वडिलोपार्जित तिसरं नाव नव्हतंच. सेनापती पाँपेच्या वडिलांना 'स्ट्राबो' म्हणायचे, म्हणजे तिरळा. ते त्यांच्यापुरतंच राहिलं, मुलाकडे आलं नाही. मुलगा गायस मारिअससारखाच दोन नावांचा, नीअस पाँपेअस. 'माग्नस' त्याच्या नावाला नंतर चिकटलं. अँटनीला आणि पाँपेला शेतकऱ्याची पोरं कोण म्हणेल? पॅट्रिशियन, म्हणजे जुन्या सरदारी, घरांत तिसऱ्या नावाची चाल जुनी आणि पक्की होती हे खरं, पण बाकीच्या, म्हणजे प्लेबियन, घराण्यांत, अगदी कॉन्सुल देणाऱ्या मातब्बर घराण्यांतसुद्धा, ते असायचं किंवा नसायचंही.

गंमत म्हणजे हा वाद दोन हजार वर्षांपूर्वीच मारिअसच्या निमित्ताने झालेला आहे. प्लुटार्कने मारिअसचं चरित्र जन्मापासून सुरू केलं नाही, लढाईपासूनही नाही. पहिल्याच वाक्यात तो म्हणतो की मारिअसचं तिसरं नाव आपल्याला सांगता येत नाही, जसं सेर्टोरियसचं येत नाही आणि कॉरिंथ घेणाऱ्या मुम्मियसचंही. मग तो ग्रीक तत्त्वज्ञ पोसिडोनियसचं म्हणणं देतो. काही जण म्हणत की रोमन माणसाचं खरं नाव तिसरं, कामिल्लस किंवा काटो यासारखं. पोसिडोनियसचं उत्तर: मग ज्यांना दोनच नावं आहेत ते बिननावाचे ठरतील. खरं नाव पहिलं. यावर प्लुटार्कने लगेच बोट ठेवलं: पहिलं नाव हेच खरं मानलं तर रोमन बायकांना नावच उरत नाही, कारण त्यांना पहिलं नाव लावतच नाहीत. मारिअसची बायको यूलिया, म्हणजे यूलियस घराण्यातली मुलगी. तिची भाची यूलिया. भाचा युलियस सीझर, त्याचीही मुलगी यूलियाच. मला प्लुटार्कचा हा परिच्छेद फार आवडतो. एका ग्रीक माणसाने शेजारच्या समाजाची चालरीत समजून घेताना स्त्रियांची आठवण ठेवली आणि त्यावरच समोरच्याचा सिद्धान्त अडवला.

आता 'नुमिडिकस'कडे येऊ. मेटेलस घराणं त्या काळात इतकं पसरलं होतं की जोडनावाशिवाय माणूस ओळखणं अशक्य. मॅसेडोनियावरच्या विजयामुळे 'माकेडोनिकस' झालेल्या क्विंटस मेटेलसचे चारही मुलगे कॉन्सुल झाले. त्यांपैकी एक बालेआरिक बेटं जिंकून 'बालेआरिकस', एक डोक्याला पट्टी बांधायचा म्हणून 'डियाडेमाटस'. पुतण्यांत एक 'डेल्माटिकस', आणि त्याचा भाऊ आपला हा जुगुर्थाशी लढलेला क्विंटस. म्हणजे विजयाचं नाव हा मान होताच, पण गर्दीत माणूस वेगळा ओळखू यावा अशी ती सोयही होती. मेटेलसला इ. स. पू. १०६ मध्ये विजययात्रा मिळाली आणि 'नुमिडिकस' हे नावही. जुगुर्था तेव्हा मोकळाच होता. पुढच्या वर्षी तो सापडला, तोही शेजारच्या बोक्कस राजाने दगा देऊन मारिअसच्या हाताखालच्या सुल्लाच्या हवाली केला म्हणून. सुल्लाने तो प्रसंग अंगठीवर कोरून घेतला आणि तीच शिक्का म्हणून वापरली. मारिअसला ते आयुष्यभर सलत राहिलं. म्हणजे या विजयावर हक्क सांगणारे तिघे होते: एकाने नाव घेतलं, एकाने अंगठी केली, आणि मारिअसने इ. स. पू. १०४ च्या १ जानेवारीला जुगुर्थाला आपल्या रथापुढे चालवत नेलं. त्याच्या वाट्याला काहीच आलं नाही, असं कसं म्हणायचं?

आणि नव्या माणसाला विजयाचं नाव मिळतच नसे, हे तर सरळ चुकीचं आहे. कॉरिंथ पाडणारा लुसियस मुम्मियस त्याच्या घरातला पहिला कॉन्सुल, इ. स. पू. १४६ चा. त्याला 'आखाइकस' म्हटलं गेलं. पराक्रमाच्या जोरावर असं नाव मिळवणारा नव्या माणसांतला तो पहिला, अशी नोंद रोमन इतिहासकार वेल्लेयसने मुद्दाम केली आहे. मारिअसने आक्वे सेक्स्टियेला ट्यूटन आणि वेर्चेल्लीला किंब्री या उत्तरेकडच्या टोळ्यांचा निकाल लावल्यावर लोक घरोघरी जेवणाआधी देवांबरोबर त्याच्याही नावाने अर्घ्य देत होते आणि त्याला रोमचा तिसरा संस्थापक म्हणत होते. एवढ्या उंचीवरच्या माणसाला नावापुढे एखादी नदी किंवा जमात चिकटवण्यावाचून काही अडत नव्हतं, असं माझं मत आहे.

मग त्याच्याकडे काय नव्हतं? पूर्वजांचे मुखवटे नव्हते. ज्यांच्या घरात वरची पदं भूषवलेले लोक होऊन गेले, त्यांच्या दिवाणखान्यात त्या पूर्वजांचे मेणाचे मुखवटे नावानिशी मांडलेले असत आणि घरात कुणी गेलं की अंत्ययात्रेत ते मिरवले जात. रोमन इतिहासकार सालुस्टने मारिअसच्या तोंडी घातलेल्या भाषणात तो म्हणतो की माझ्याकडे दाखवायला मुखवटे नाहीत, पण भाले आहेत, निशाण आहे, पदकं आहेत आणि छातीवरचे वण आहेत. भाषणाचे शब्द सालुस्टचे असतील, पण जखम खरी आहे. आफ्रिकेत मेटेलसच्या हाताखाली असताना मारिअसने कॉन्सुलपदाच्या निवडणुकीसाठी रोमला जायची परवानगी मागितली. मेटेलस म्हणाला, एवढी घाई कसली, माझा मुलगा उभा राहील तेव्हा तूही उभा राहा. मुलगा तेव्हा विशीतला, मारिअस पन्नाशीला टेकलेला. अपमान इथे झाला, नावाच्या रकान्यात नाही. आणि तो गरीब होता हेही मला मान्य नाही. स्पेनमधल्या न्यूमान्शियाच्या वेढ्यात तरुणपणीच सेनापती स्किपिओच्या नजरेत भरणं, गावातल्या मातब्बर घरांशी सोयरीक, निवडणुकांचा खर्च, यूलियस घराण्यातली बायको: हे हातावर पोट असलेल्या घरातून होत नाही. कष्टकरी आई-बापांची गोष्ट प्लुटार्क सांगतो, पण ती मारिअसच्या राजकारणालाही सोयीची होती आणि त्याला हिणवणाऱ्यांनाही.

राहिला तिसरा आक्षेप, लढायांपुढे नावांचं काय एवढं. मारिअस इ. स. पू. ८६ मध्ये, सातव्या कॉन्सुलपदाच्या पहिल्याच महिन्यात वारला. पुढे त्याचा वैरी झालेल्या सुल्लाने त्याची स्मारकं पाडली. इ. स. पू. ६९ मध्ये आत्या यूलियाच्या अंत्ययात्रेत सीझरने मारिअसची प्रतिमा बाहेर काढली आणि रस्त्यावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढे इ. स. पू. ४५ मध्ये आमाटियस नावाचा एक माणूस आपण गायस मारिअसचा नातू असल्याचं सांगत पुढे आला. त्याने नातं सांगून सिसेरोकडे मदत मागितली. सिसेरोने कळवलं की तुझा नातलग सीझर एवढा समर्थ असताना माझी काय गरज? सीझरने त्याला इटलीबाहेर घालवलं. सीझरच्या खुनानंतर तो परतला, जिथे सीझरला अग्नी दिला होता तिथे वेदी उभारून लोक जमवू लागला. हाताशी सैन्य नाही, पद नाही, आहे ते फक्त नाव. तरीही कॉन्सुल अँटनीला तो एवढा धोक्याचा वाटला की त्याने त्याला चौकशीविना ठार करवलं.

चौदा वर्षांनी अँटनी स्वतः हरला आणि मेला. तेव्हा सिनेटने त्याचे पुतळे उतरवले आणि ठराव केला की अँटोनियस घराण्यात यापुढे कुणाचंही नाव मार्कस ठेवायचं नाही. त्या वेळी कॉन्सुलपदावर सिसेरोचा मुलगा होता, मार्कस तुल्लियस सिसेरो.