दर पंधरा दिवसांनी

ऑगस्ट २०२२ च्या तिसऱ्या आठवड्यात मुलांच्या शाळेकडून आलेल्या ईमेलमध्ये, माझ्या मुलाच्या जेवणखात्यावर उणे साडेपाच डॉलर शिल्लक असल्याचे अत्यंत सौजन्याने कळवले होते. शिल्लक उणे असू शकते हे बँकेने मला पूर्वीच शिकवले होते; परंतु शाळा सुरू होऊन दोन दिवस होत नाहीत तोच सात वर्षांच्या मुलाने कुणालाही न विचारता उधारीवर दोनदा पिझ्झा खावा, हे आमच्या घराण्यात प्रथमच घडत होते. त्याला जाब विचारला, तर चेहऱ्यावर अपराधाचा लवलेशही नव्हता. "शाळेत जेवायला पैसे लागतात?" असे त्यानेच मला विचारले.

त्याचेही काही चुकले नव्हते. तो २०२० मध्ये किंडरगार्टनमध्ये दाखल झाला, तेव्हा साथ ऐन भरात होती आणि इथल्या केंद्र सरकारने उत्पन्नाची अट बाजूला ठेवून सरसकट सगळ्या मुलांना फुकट जेवण देण्याची मुभा शाळांना दिली होती. ती मुभा ३० जून २०२२ ला संपली आणि १९४६ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांच्या सहीने सुरू झालेली ही योजना पुन्हा आपल्या नेहमीच्या वळणावर आली. ज्यांचे उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या १३० टक्क्यांच्या आत आहे त्यांच्या मुलांना जेवण फुकट, १३० ते १८५ टक्क्यांच्या मधल्यांना सवलतीत, म्हणजे जास्तीत जास्त ४० सेंटांत, आणि उरलेल्यांनी पूर्ण पैसे मोजावेत, असे ते वळण आहे. कॅलिफोर्निया आणि मेन या राज्यांनी त्या वर्षापासून सगळ्याच मुलांना फुकट जेवू घालायचे ठरवले होते. आम्ही मात्र टेक्सासात, ह्यूस्टनजवळ राहत होतो. आमच्या शाळेतले जेवण पावणेतीन डॉलरचे. दोन मुले आणि वर्षाचे सुमारे १७५ दिवस धरले, तर ९६२ डॉलर ५० सेंट होतात. सवलत मिळाल्यास तेच १४० डॉलर.

आता माझ्या मिळकतीविषयी. मी विद्यापीठात उंदरांच्या आहारावर संशोधन करतो. या पदाला इथे पोस्टडॉक म्हणतात आणि गावाकडे त्याचे भाषांतर 'अमेरिकेत शास्त्रज्ञ आहे' असे होते. शास्त्रज्ञाला वर्षाला ५१,६०० डॉलर मिळत होते. चार माणसांच्या कुटुंबासाठी सवलतीची त्या वर्षीची मर्यादा ५१,३३८ डॉलर होती. म्हणजे २६२ डॉलरनी मी श्रीमंत ठरत होतो. माझे उंदीर कोणताही अर्ज न करता दिवसाला तोलून मापून जेवत होते, ही गोष्ट त्या आठवड्यात मला पहिल्यांदाच खुपली.

"पण आपण चार कुठे आहोत?" बायको म्हणाली. "आई आहेत की."

आई जूनमध्ये सहा महिन्यांसाठी आली होती. शाळेच्या पत्रकानुसार, आपल्याबरोबर राहणारी आणि उत्पन्न व खर्चात सहभागी असणारी व्यक्ती नातेवाईक नसली तरी कुटुंबात धरायची होती. आई नातेवाईक असली, तरी व्हिजिटर व्हिसावरची होती. म्हणून मी भोजन विभागाच्या कार्यालयात फोन केला. पलीकडच्या बाईंनी व्हिसाचा विषयच काढला नाही. त्या राहतात का, एकत्र जेवता का, खर्च एकत्र आहे का, एवढेच त्यांनी विचारले. मी तिन्हींना होकार दिल्यावर त्या म्हणाल्या, की मग त्या तुमच्याच घरातल्या. हे ऐकून आईला जो आनंद झाला, तो विमानतळावर आम्हाला पाहूनही झालेला नव्हता.

अर्ज भरण्यापूर्वी बरीच घासाघीस झाली, आणि ती बहुतांशी माझी माझ्याशीच होती. आमच्याकडे मुलाच्या जेवणासाठी सवलत मागणे म्हणजे लग्नाच्या पंगतीत दुसऱ्यांदा जिलबी मागण्यासारखे मानतात. हवी सगळ्यांना असते, पण वाढप्याने आपणहून आग्रह केला पाहिजे. त्यातच व्हॉट्सॲपवरील एका काकांनी "असले अर्ज केले की ग्रीनकार्ड विसरा" असा इशारा दिला. प्रत्यक्षात शाळेतल्या जेवणाची गणना त्या कारणासाठी होत नाही आणि अर्ज करायला नागरिकत्वही लागत नाही, हे पत्रकातच लिहिलेले होते. पण छापील पत्रकापेक्षा काकांवर अधिक विश्वास ठेवायचा, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेले असते. काकांची समजूत अखेर आईने घातली. "मुलांच्या जेवणाचा अर्ज आहे, चोरीचा नाही," असे त्यांना ऐकवून तिने फोन ठेवला.

आईला या विषयात बोलण्याचा अधिकार होता. बार्शी तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत तिने तीस वर्षे शिकवले. १५ ऑगस्ट १९९५ ला आपल्याकडे शाळेतल्या मुलांसाठी पोषण आहाराची केंद्रीय योजना सुरू झाली, तेव्हा मी तिच्याच शाळेत चौथीत होतो. त्या काळी शिजवलेले अन्न नव्हते. महिन्याला तीन किलो तांदूळ मिळे. बापाचे उत्पन्न कुणी विचारत नसे, अट फक्त ८० टक्के हजेरीची. शाळेच्या व्हरांड्यात पोते फुटे, मुले घरून आणलेल्या पिशव्या उघडून रांगेत उभी राहत आणि आई हजेरीपट पाहून तांदूळ मोजी. एका महिन्यात मला गालगुंड झाले आणि माझी हजेरी ७६ टक्क्यांवर आली. सगळ्या वर्गादेखत आईने मला रिकाम्या पिशवीसह रांगेबाहेर काढले. रात्री घरी मात्र तिने मला दोन वाट्या भात जास्त वाढला होता. पुढे २८ नोव्हेंबर २००१ ला सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेलेच अन्न द्या असा आदेश काढला आणि आईच्या कामात खिचडीची चव घेऊन नोंदवहीत सही करण्याची भर पडली.

एका शनिवारी रात्री जेवणाच्या टेबलावर अर्ज पसरला. आई चष्मा लावून माझ्या शेजारी बसली. पहिल्या भागात मुलांच्या नावांपुढे बेघर, स्थलांतरित आणि घरातून पळून गेलेला अशा चौकटी होत्या. "स्थलांतरितावर खूण कर," आई म्हणाली, "बार्शीहून इथं आलात, आणखी किती लांब जायचं?" मी नीट वाचून सांगितले, की ही चौकट हंगामाबरोबर शेतमजुरीसाठी गावोगाव फिरणाऱ्यांच्या मुलांसाठी आहे. आई क्षणभर गप्प झाली. "म्हणजे ऊसतोडीची पोरं," ती म्हणाली. "दिवाळीनंतर माझा अर्धा वर्ग रिकामा व्हायचा. ती चौकट त्यांची आहे, राहू दे."

दुसऱ्या भागात काही सरकारी योजनांची नावे देऊन, यांपैकी एखादीचा लाभ घेत असल्यास केस नंबर लिहावा, पुढे उत्पन्न सांगण्याची गरज नाही, असे म्हटले होते. त्यांतल्या एका लांबलचक नावात 'इंडियन रिझर्व्हेशन्स' असे शब्द होते. आईचे इंग्रजी शिक्षकी पद्धतीचे असल्याने तिने ते बोट ठेवून मोठ्याने वाचले आणि चष्मा कपाळावर नेला. "इंडियन लोकांना इथंही रिझर्व्हेशन आहे?" तिने विचारले. "मग तू इतकी वर्षं खुल्या प्रवर्गातून का झगडतोयस?" अमेरिकेच्या मूळ रहिवाशांच्या राखीव प्रदेशांना इथे तसे म्हणतात आणि ही धान्याची योजना तिथली आहे, हे समजावून सांगण्यात पाऊण तास गेला. केस नंबराच्या जागी आपल्या केशरी रेशनकार्डाचा नंबर चालेल का, या तिच्या प्रश्नाला मी उत्तर दिले नाही.

खरा घोळ तिसऱ्या भागात झाला. त्यात घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाचे उत्पन्न, कापाकापी होण्यापूर्वीचे, लिहायचे होते. ज्याला उत्पन्न नाही त्याच्यापुढे शून्य लिहावे, किंवा जागा रिकामी सोडावी, आणि रिकामी सोडल्यास तुम्ही शून्य असल्याचेच प्रमाणित करत आहात, असे खाली छापले होते. बायकोचा व्हिसा तिला नोकरी करू देत नाही. तिने तो मजकूर दोनदा वाचला. "म्हणजे लिहिले तरी शून्य आणि नाही लिहिले तरी शून्य," असे म्हणून तिने माझ्या हातातले पेन घेतले, स्वतःच्या नावापुढे एवढे मोठे आणि वाटोळे शून्य काढले की त्याची कड वरच्या ओळीतल्या माझ्या पगाराला लागली, आणि ती भांडी घासायला निघून गेली. भांड्यांचा आवाज त्या रात्री जरा जास्तच झाला.

आईचे पेन्शन महिन्याला २८,००० रुपये. तेव्हा डॉलर सुमारे ऐंशी रुपयांचा होता, म्हणून मी ३५० डॉलर लिहिले आणि 'दरमहा' या चौकटीवर खूण केली. "माझ्या पेन्शनीचे एवढेच?" आईने विचारले. आयुष्यभराची नोकरी तीन आकड्यांत मावलेली पाहून तिला वाईट वाटले असावे. मुलांच्या उत्पन्नाचीही एक जागा होती, ती पाहून चिरंजीवांनी आजीने वाढदिवसाला दिलेले अकरा डॉलर जाहीर करण्याचा आग्रह धरला. त्याला झोपायला पाठवले.

उरला माझा पगार. तो महिन्याच्या १५ तारखेला आणि अखेरच्या दिवशी होतो, प्रत्येक वेळी २,१५० डॉलर. "पगार कधी होतो तुझा?" आईने फॉर्मवर बोट ठेवून विचारले. "दर पंधरा दिवसांनी," मी म्हणालो. आईचे बोट चौकटींवरून फिरत 'दर दोन आठवड्यांनी' या शब्दांपाशी थांबले आणि मी तिथे खूण केली. शेजारीच 'महिन्यातून दोनदा' अशी दुसरी चौकट होती, तिच्याकडे आम्हा दोघांपैकी कुणाचेही लक्ष गेले नाही. अर्जाच्या शेवटी, वरील सर्व माहिती खरी असून जाणूनबुजून खोटे लिहिल्यास खटला होऊ शकतो, अशा अर्थाचे वाक्य होते. त्याखाली मी सही केली आणि सोशल सिक्युरिटी नंबराचे शेवटचे चार आकडे लिहिले.

नियमाप्रमाणे शाळेला दहा कामकाजाच्या दिवसांत निर्णय कळवावा लागतो. आठव्या दिवशी पत्र आले. अर्ज नामंजूर झाला होता. कारण, उत्पन्न मर्यादेपेक्षा जास्त.

मी पुन्हा फोन केला. त्याच बाई होत्या. त्यांनी शांतपणे हिशेब वाचून दाखवला. घरात वेगवेगळ्या मुदतीची उत्पन्ने असली की सगळ्यांचे वर्षाचे आकडे काढतात. दर दोन आठवड्यांचे २,१५० गुणिले २६, म्हणजे ५५,९००. पेन्शनचे ३५० गुणिले १२, म्हणजे ४,२००. एकूण ६०,१००. पाच माणसांसाठी मर्यादा ६०,०७०. मी तीस डॉलरनी श्रीमंत ठरलो होतो.

"सव्वीस का?" मी विचारले. "महिने बारा, पगार दोनदा, म्हणजे चोवीस."

"ते महिन्यातून दोनदा मिळत असेल तर," बाई म्हणाल्या. "तुम्ही दर दोन आठवड्यांनी असे लिहिले आहे. वर्षात बावन्न आठवडे असतात."

वर्षात बावन्न आठवडे असतात हे मलाही ठाऊक होते. पण ज्या भाषेत मी लहानाचा मोठा झालो, तिच्यात आठवडा आठ दिवसांचा, दोन आठवडे पंधरा दिवसांचे आणि महिना दोन पंधरवड्यांचा असतो, आणि हे सगळे कुठलीही कुरकुर न करता बरोबर बसते. "आठ दिवसांनी येतो" असे सांगून गेलेला सुतार कधीच आठ दिवसांनी येत नाही, म्हणून या गणिताची परीक्षा घेण्याची वेळ बार्शीत कुणावर आली नाही. ती ह्यूस्टनमध्ये आली. मातृभाषेत विचार केल्यामुळे माझ्या पगारात वर्षाला ४,३०० डॉलरची वाढ झाली होती आणि ती देण्याची जबाबदारी विद्यापीठावर नव्हती. बाईंना मी हे सगळे समजावून सांगू लागलो. त्यांनी दोन मिनिटे ऐकून घेतले आणि मग नवा अर्ज पाठवा म्हणाल्या.

नव्या अर्जात योग्य चौकटीवर खूण केली, सोबत दोन पगारपत्रके जोडली. या वेळी बायकोचे शून्य तिचे तिनेच आधी भरून ठेवले होते आणि ते पहिल्यापेक्षा मोठे होते. हिशेब ५५,८०० वर आला आणि सवलत मंजूर झाली. मुले खिडकीपाशी आपला नंबर टाकतात; कोण किती पैसे देतो हे शेजारच्या मुलाला कळत नाही, ही मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. मिळालेली मंजुरी वर्षभर चालते, मध्ये काही बदलले तरी कळवावे लागत नाही, हे वाचून आई म्हणाली, "म्हणजे मी डिसेंबरात गेले तरी इथल्या कागदावर मी जेवतेच आहे."

नोव्हेंबरमध्ये, थँक्सगिव्हिंगच्या आधी, शाळेने पालकांना आणि आजी-आजोबांना मुलांबरोबर जेवायला बोलावले. आई साडीवर माझे जाकीट आणि पायांत पांढरे बूट घालून आली. रांगेत तिने सगळे बारकाईने पाहिले. पाच प्रकारच्या पदार्थांपैकी मुलाला किमान तीन घ्यावे लागतात आणि त्यांत अर्धा कप फळ किंवा भाजी असलीच पाहिजे. नातवाने नियमापुरते सफरचंद घेतले आणि टेबलाशी पोचण्याआधीच नको असलेल्या वस्तू ठेवण्याच्या टेबलावर ते सोडून दिले. आईने ते पाहिले आणि माझ्याकडे पाहिले. तांदळाची पोती मोजणाऱ्या बाईची ती नजर मी ओळखतो.

पैसे देण्याच्या खिडकीशी तिने पर्स उघडली, एक पंचवीस, एक दहा आणि एक पाच सेंटांचे नाणे मोजून ठेवले. खिडकीतल्या बाईंनी हसून सांगितले, की मोठ्यांचे जेवण सव्वाचार डॉलरचे आहे.

"अर्जावर माझंही नाव आहे की," आई मला मराठीत म्हणाली. मी घाईघाईने कार्ड पुढे केले.

पिझ्झा, उकडलेले बीन्स, दूध, संत्र्याच्या फोडी, सगळ्याची तिने थोडी थोडी चव घेतली, प्रत्येक घासानंतर जरा थांबून. मग हात पुसून म्हणाली, "रजिस्टर कुठं आहे?" कोणते रजिस्टर, असे विचारायची मला गरज नव्हती. इथे तसे नसते, असे मी म्हणालो, त्यावर तिचा विश्वास बसला नाही.

बाहेर पडताना कार्यालयाच्या काउंटरवर पाहुण्यांची वही होती. नाव, वेळ आणि येण्याचे कारण लिहून सही करायची होती. आई चष्मा लावून बराच वेळ लिहीत होती. मी मागून वाकून पाहिले. कारणाच्या रकान्यात तिने सुवाच्य देवनागरीत लिहिले होते, 'चव घेतली. मीठ कमी.' आणि खाली सही.