केस सरळ करा, मग मुलाखतीला या

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय बायकांना 'स्वतःवर प्रेम करा' असं सांगायला कुणाचं काय जातं? डोक्यावर मुळात जे कुरळे केस उगवतात तेच 'अस्ताव्यस्त' ठरवले, की त्या प्रेमाची किंमत तासांत आणि पगारात मोजावी लागते.

हे जुनंच आहे. १७८६ साली लुईझियानाचा स्पॅनिश गव्हर्नर मिरो याने फर्मान काढलं, की स्वतंत्र कृष्णवर्णीय आणि मिश्रवंशीय बायकांनी केस सजवून मिरवायचे नाहीत, फडक्यात बांधायचे. बायकांनी भारी रंगीत कापडं आणून असे झोकात फेटे बांधले, की फर्मानाचीच फॅशन झाली.

विसाव्या शतकात रिलॅक्सर आलं, म्हणजे कुरळे केस सरळ करणारं रासायनिक क्रीम. त्यातलं नेहमीचं रसायन सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजे कॉस्टिक सोडा, तुंबलेली मोरी मोकळी करायला वापरतात तोच. केसातले गंधकाचे बंध तुटतात आणि तेवढा केस कायमचा सरळ होतो. मुळाशी मात्र पुन्हा कुरळाच उगवतो, म्हणून साधारण दर ६ ते ८ आठवड्यांनी टच-अप. घोळ होतो तो इथे. क्रीम आधीच सरळ झालेल्या भागावर पुन्हा लागलं की केस तिथूनच तुटतो, आणि आदल्या दिवशी डोकं खाजवलेलं असेल तर टाळू भाजते. २०२२ साली अमेरिकेत ३३ हजारांहून जास्त बायकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वर्षातून ४ पेक्षा जास्त वेळा केस सरळ करणाऱ्यांत गर्भाशयाच्या कर्करोगाचं प्रमाण दुपटीहून अधिक आढळलं. रसायनामुळेच झाला हे त्यातून सिद्ध होत नाही. पण ही उत्पादनं वापरणाऱ्यांत कृष्णवर्णीय बायकाच जास्त होत्या.

बरं, केस आहेत तसे ठेवणं म्हणजे काहीच न करणं, असंही नाही. मळसूत्रासारख्या केसावरून टाळूचं तेल टोकापर्यंत पोचत नाही, म्हणून तो जात्याच कोरडा. धुण्याच्या दिवशी ४ ते ८ भाग करायचे, ओल्या केसांना भरपूर कंडिशनर लावायचं, आधी बोटांनी आणि मग रुंद दातांच्या कंगव्याने टोकाकडून मुळाकडे सोडवत जायचं. वरून खाली कंगवा ओढला की सगळा गुंता खाली गोळा होतो. मग क्रीम लावून पीळ घालायचे, रात्री सॅटिनची टोपी. सुती अभ्रा ओलावा शोषतो. लांब केसांना अख्खी दुपार जाते. वेणी घातल्यावर कपाळाच्या कडेला पुळ्या आल्या तर ती सोडायचीच. वर्षानुवर्षं ओढ बसली तर तिथले केस परत येत नाहीत.

एवढं करूनही अलाबामात एका कृष्णवर्णीय तरुणीने लॉक्स, म्हणजे जटांसारखे वळलेले केस, कापायला नकार दिला, तर देऊ केलेली नोकरी काढून घेतली. २०१६ मध्ये अपील कोर्टाने म्हटलं, केशरचना बदलता येते, सबब हा वंशभेद नव्हे. बदलायची कशाने, तर त्या कॉस्टिक सोड्याने किंवा कात्रीने! कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये क्राउन कायदा करून, म्हणजे अशा केसांवरून भेदभाव करायला बंदी घालून, ही पळवाट बुजवली, मग इतर अनेक राज्यांनीही. देशभरासाठीचं विधेयक २०२२ मध्ये प्रतिनिधीगृहात मंजूर झालं आणि सिनेटमध्ये अडकलं.

आणि हो, विग घालणारीला 'हिला स्वतःची लाज वाटते' म्हणणारेही तितकेच आगाऊ. तिच्या विगमधले केस कदाचित आपल्यापैकीच कुणी तिरुपतीला वाहिलेले असतील. तिथल्या केसांचा लिलाव होतो, बरं का.