गुगलमध्ये आपला माणूस

माझ्याच दुकानाच्या काउंटरला कोपर टेकवून, माझ्याच माठातलं पाणी पिऊन, एका पुणेकर बाईंनी परवा मला दुसऱ्या चादरीच्या दुकानाचा पत्ता विचारला. "अहो, इथंही चादरीच आहेत," असं म्हणून मी मागच्या मांडणीकडे हात केला. त्यांनी मांडणीकडे पाहिलं, मग मोबाइलकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "तुमचं नाही येत हो यात. ते पहिलं येतंय." बाहेर सोलापूरचं भर दुपारचं ऊन. माणुसकी आडवी आली आणि मी पत्ता सांगितला. वर "सावलीच्या बाजूनं जा" असंही म्हणालो. त्या सावलीचा मला अजून संताप येतो.

दुकानाची वेबसाइट आहे, नाही असं नाही. भाच्याने सुट्टीत करून दिली. तिच्या शीर्षकात दुकानाचं नाव नाही, चादर नाही, सोलापूर नाही. नुसतं 'होम' आहे. सगळी माहिती आमच्या जुन्या हँडबिलाचा फोटो काढून चिकटवली आहे, म्हणजे माणसाला वाचता येते आणि यंत्राला तिथे वाचण्यासारखं जवळजवळ काहीच नाही. फोटो एवढे जड की पान उघडेपर्यंत गिऱ्हाईक नवी पेठ फिरून येईल. हे सगळं मला बाई गेल्यानंतर कळलं, कारण त्या रात्री मी जेवण टाकून तेच वाचत बसलो. बायको म्हणाली, "दुकान नव्हतं सापडत तर बाई दुकानात आल्या कशा?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. त्या पाणी प्यायला आल्या होत्या.

आता अण्णांकडे येतो, कारण पुढचं सगळं त्यांच्यामुळेच झालं.

अण्णा रोज सकाळी आमच्याकडे पेपर वाचायला येतात. मिलमध्ये जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम, होते. मिल बंद पडली, भोंगा गेला, पण अण्णांची पाळी काही चुकली नाही. ती आता माझ्या दुकानात भरते. पेपर माझा, पंखा माझा, चहा माझा, मतं त्यांची. बाईंचा प्रसंग मी त्यांना सांगायला नको होता, पण दुसऱ्या कुणाला सांगणार? आणि नेमका त्याच वेळी फोन वाजला. "सर, तुमची वेबसाइट गुगलवर दिसत नाही." जखमेवर मीठ चोळायला माणसं कुठून वेळ साधतात, कळत नाही.

"स्पीकरवर टाक," अण्णा म्हणाले आणि पेपरची घडी घातली. अण्णांनी पेपरची घडी घालणं ही साधी गोष्ट नव्हे.

"सर, आम्ही तुम्हाला पहिल्या पेजवर आणतो. हंड्रेड पर्सेंट गॅरंटी."

"पहिल्या पानावर कितवा?" अण्णांनी विचारलं.

"टॉपला, सर."

"टॉपला किती घेणार?"

"महिना पंधरा हजार, सर."

"टॉप नको आम्हाला. तिसरा नंबर केवढ्याला पडेल?"

पलीकडे शांतता. मागे आणखी दहाबारा पोरं इतर कुणाला तरी हंड्रेड पर्सेंट देत होती, तो कालवा तेवढा ऐकू येत होता.

"सर, तसा नंबरप्रमाणे रेट नसतो."

"का नसतो? हुतात्मा स्मृती मंदिरात नाटकाला पुढच्या रांगेचा वेगळा, मागच्या रांगेचा वेगळा. आम्हाला मागचा चालतो. कमी कर की."

"सर, मी सीनियरना विचारून सांगतो."

"थांब. दुसऱ्या पानावर पहिला नंबर केवढ्याला?"

"सर, दुसऱ्या पेजवर कुणी जातच नाही."

"मग रिकामंच पडलंय ना ते? रिकाम्या जागेचे कसले पैसे लावतोस बे?"

पोरगं बिचारं घाबरलं असावं. मी फोन बंद करायला हात पुढे केला, तर अण्णांनी माझा हात धरला. त्यांना आता रंग चढला होता. "बरं ते जाऊ दे. आत्ता जो पहिला आहे, त्याला खाली उतरवायचे पैसे वेगळे, का यातच धरलेत?" त्यांनी त्या दुकानाचं नावही घेतलं.

"सर, ते पण आमचेच क्लायंट आहेत."

"अस्सं. मग पहिला नंबर दोघांना कसा देणार तू?"

फोन कट.

अण्णांनी पेपर परत उघडला. "भाव तुटत होता," म्हणाले. "तू मध्येच हात घातलास."

मी त्यांना समजावून सांगायला गेलो. पहिल्या नंबरची गॅरंटी कुणीच देऊ शकत नाही, हे खुद्द गुगलनेच लिहून ठेवलंय. वर 'प्रायोजित' म्हणून जे येतं ती जाहिरात, तिचे पैसे पडतात; पण खालची जी साधी यादी असते, तिच्यातली जागा पैसे देऊन मिळत नाही. अण्णांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. महानगरपालिकेचं पाणी चार-चार दिवसांनी येणाऱ्या गावात ज्याचं आयुष्य गेलं, त्याला कुठलाही नंबर पैशाशिवाय आणि ओळखीशिवाय लागतो हे पटवणं अवघड. "मग लावतात कसा नंबर?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. स्टॅनफर्ड विद्यापीठात लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन नावाची दोन पोरं होती. एखाद्या पानाकडे दुसरी किती पानं बोट दाखवतात, आणि बोट दाखवणारी पानं स्वतः किती वजनदार आहेत, यावरून त्या पानाची किंमत ठरवायची, अशी त्यांची कल्पना. तिला पेजरँक म्हणतात. 1998 साली त्यांनी गुगल कंपनी काढली. आता त्यात इतर शेकडो गोष्टी मिसळल्यात, पण मूळ हे.

अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे वशिलाच की बे."

मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. मोठ्या माणसाने शब्द टाकला तर काम होतं आणि माझ्यासारख्याने टाकला तर होत नाही, या व्यवस्थेला दुसरं काय म्हणणार?

तेव्हापासून अण्णांनी वशिला गोळा करायचं मनावर घेतलंय. भजनी मंडळाच्या वेबसाइटवर माझ्या दुकानाची लिंक टाकतो म्हणाले, एका बोअरवेलवाल्याच्या वेबसाइटवर टाकतो म्हणाले, एका मंगल कार्यालयाच्याही. अशा ओढूनताणून आणलेल्या लिंका पकडण्यासाठी गुगलने 2012 मध्येच 'पेंग्विन' नावाचा बदल आणला होता, हे मी सांगितलं. पेंग्विनला सोलापूरच्या उन्हात कोण विचारतो, असं त्यांचं म्हणणं पडलं. मग त्यांनी नवीन टूम काढली: रामनामाच्या वहीसारखं 'सोलापुरी चादर' हजार वेळा लिहून काढायचं. पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरात लिहायचं, म्हणजे गिऱ्हाइकाला दिसणार नाही आणि मशीनला दिसेल. गंमत म्हणजे ही युक्ती जगात खरोखर होऊन गेली आहे, आणि पकडलं तर पान यादीतून उडतं. पानाच्या पोटात न दिसणारे कीवर्ड, म्हणजे लोक शोधतात ते शब्द, भरून ठेवायची जी दुसरी पद्धत होती, ती आपण क्रमवारीसाठी मोजतच नाही, हे गुगलने 2009 मध्ये जाहीर केलं. तो फोनवाला मुलगा आजही तेच पाच हजारात भरून देतो. त्याने नमुना म्हणून पाठवलेला मजकूर माझ्याकडे आहे: 'सोलापूरमध्ये सोलापुरी चादर घेताना सोलापूरची सोलापुरी चादर सोलापूरमधूनच घ्या.' मी तो बायकोला वाचून दाखवला. ती म्हणाली, ताप आहे का?

अण्णांचं खरं योगदान मात्र गुगलच्या नकाशातलं. दुकानांच्या स्थानिक यादीत तीन गोष्टी बघतात: शोधलेल्या शब्दांशी दुकान जुळतं का, शोधणारा किती लांब आहे, आणि दुकानाचा बोलबाला किती. बोलबाल्यात लोकांचे अभिप्राय धरतात. माझ्याकडे मोजकेच आहेत. त्यातल्या एकाने एकच तारा दिलाय, कारण 'गड्ड्याच्या गर्दीमुळे दुकानापर्यंत पोहोचता आले नाही'. संक्रांतीत सिद्धेश्वराची यात्रा भरते, तिलाच गड्डा म्हणतात; होम मैदानाकडे पाय ठेवायला जागा नसते. त्याचा तारा माझा कापला. नऊशे वर्षांपूर्वीच्या सिद्धरामेश्वरांना काही म्हणता येत नाही म्हणून माझ्यावर काढला. मी हे बोलून दाखवल्यावर अण्णा म्हणाले, थांब, मी देतो. आणि दिला. सगळ्या जगाला दिसेल असा:

'मालक स्वभावाने बरे आहेत. पंखा आहे. चहा कमी साखरेचा मिळतो. चादर घेतली नाही. चार तारे.'

पाचवा का नाही, विचारलं. "खोटं कशाला लिहू?"

त्यांच्या फोनवर माझं दुकान पहिलं येतं, हाही एक ताप. रोज आल्या आल्या, माझ्याच पंख्याखाली बसून ते 'चादरीचं दुकान' असं बोलतात, फोन माझं नाव दाखवतो आणि अण्णा प्रत्येक गिऱ्हाइकाला ओरडून सांगतात, "पहिला आलाय बगा!" अहो, चार हातांवर बसून शोधल्यावर दुसरं कोण येणार? पुण्यात बसून शोधा म्हणावं. यावर अण्णांचा उपाय तयार होता: पुण्याला गाळा घे.

हसायचं किती? सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, टेरी टॉवेललाही आहे. सरकारदरबारी शिक्का बसलाय की हे नाव या गावाचं. पण फोनमध्ये 'सोलापुरी' टाकलं की कुठे विणली ते न सांगणाऱ्या चादरी आधी रांगेत. जॅकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, विणलेली आमची चादर उलटी करून बघा, तीच नक्षी रंग बदलून मागे दिसते. हे हातात घेतल्यावर पाच सेकंदांत कळतं. पूर्वी बायका काउंटरवर चादर घ्यायच्या, कोपरा चुरगाळायच्या, उजेडात धरायच्या, "रंग जाईल का हो?" विचारायच्या, आणि मग अर्धा तास घासाघीस. आता कापडाला हात लावायच्या आधी फोनला विचारतात की या कापडाला हात लावावा का. आणि मी रात्री दुकान बंद करून 'सोलापुरी चादर कशी धुवावी', 'उन्हाळ्यात चादर कोणती वापरावी' असली पानं लिहितो. उन्हाळ्यात सोलापुरात चादर कोणती वापरावी! कुणीही वापरत नाही, गच्चीवर उघडे झोपतात. पण तसं लिहिलं तर विकायचं काय? ज्याने आयुष्यभर माग चालवला तो शेजारच्या गल्लीत बसलाय, त्याच्या नावाचं एक पान कुठे नाही. आणि ज्याने माग फोटोत पाहिला तो पहिल्या पानावर. याचा मला राग येतो. पेंग्विनबिंग्विन ठीक आहे, पण हा राग कुठल्या खात्यात भरायचा?

भाच्याला बोलावून शीर्षक बदलून घेतलं. फोटो हलके केले, हँडबिल काढून मजकूर टाइप केला. सर्च कन्सोल नावाची गुगलचीच फुकट सोय आहे, तिथे साइटचा नकाशा, म्हणजे तिच्यातल्या पानांची यादी, दिली. फरक काही तासांत दिसतो किंवा काही महिनेही लागतात, असं त्यांनीच लिहिलंय. "महिने म्हणजे लग्नसराई गेली," अण्णा म्हणाले.

आणि काल ते उशिरा आले, पण तोंडावर तेज. गुगलचं हैदराबादला ऑफिस आहे, हे मीच मागे बोलून गेलो होतो. अण्णांच्या साडूचा मुलगा हैदराबादला. त्याला त्यांनी फोन लावला, स्पीकरवर, दोन गिऱ्हाइकं समोर असताना. दोघेही निम्मं तेलुगू, निम्मं मराठी. मला कळलेलं एवढंच, की तो गुगलमध्ये नाही. त्यांच्या रस्त्यालाही नाही. तो एका शाळेत पीटी शिकवतो.

"असू दे की," फोन ठेवून अण्णा मला म्हणाले. "गुगलवाल्यांची पोरं कुठल्या तरी शाळेत जातच असतील ना?"